टॉवेलची गोष्ट

मंदार,

काल तुझा दहावा झाला. तू मात्र अजून गावातच आहेस, स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर, फ्युनरल डायरेक्टरच्या थंड खोलीत. अचानक गेलास म्हणून मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर, कॉरोनर आला म्हणून पोस्टमॉर्टेम, आणि त्याचे कागद हातात पडेपर्यंत क्रेमेटोरियमची यादी भरलेली. पुढच्या गुरुवारचा सव्वाअकराचा स्लॉट मिळालाय. जन्मभर ट्रेनच्या वीस मिनिटं आधी प्लॅटफॉर्मवर जाऊन उभा राहणारा माणूस तू, आणि स्वतःच्या दहनाला सोळा दिवस उशीर. तुला हसू आलं असतं. मला येत नाहीये.

मी तुझ्यावर चिडलोय, हे आधी सांगून टाकतो. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण भांडण अर्धवट टाकून उठायची तुझी सवय जुनीच. मी तावातावानं बोलत असायचो आणि तू मधेच उठून चहा टाकायला जायचास. दोन कप घेऊन परत यायचास आणि सगळं मिटलंय असं समजून बिस्किटं पुढे करायचास. या वेळी चहा न टाकताच गेलास. भांडण तिथेच पडून आहे आणि घरात मी एकटा त्याच्यासमोर बसलोय.

रविवारची दुपार आठव. तारा ड्राइव्हवेमध्ये स्कूटरवरून पडली. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो, गाडी पुसत. तिचं कोपर फुटलं, रक्त आलं. ती उठली, तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या पँटला घासून सरळ आत गेली. हॉल, जेवणाचं टेबल, किचन, सगळं घर ओलांडून तुझ्याकडे. तू कणीक मळत होतास. तुझ्या पोटात डोकं खुपसल्यावर मग तिनं भोकाड पसरलं. सात वर्षांची पोर रडू दाबून एवढं चालली, कारण रडायची जागा तिला पक्की ठाऊक होती.

संध्याकाळी मी तुला म्हणालो, "तू तिले माझ्याकडे येऊच देत नाहीस. लाडावून लाडावून अशी करून ठेवली, का मी या घरात बिनकामाचा होऊन राहिलो." चिडलो की माझ्या तोंडून नागपूर बाहेर पडतं, ते तुला एरवी फार आवडायचं. त्या दिवशी आवडलं नाही. तू हात धुतलेस, टॉवेलला पुसलेस आणि आवाज जराही न चढवता विचारलंस, "विनय, ती पडते तेव्हा तुझे हात कुठे असतात?"

मी दार आपटून बाहेर गेलो. सोमवारी आपण दोघं फक्त शाळेच्या पिकअपबद्दल बोललो. मंगळवारी सकाळी तू बुटांची लेस बांधत होतास, तेव्हा मी तुझ्याकडे न बघता म्हणालो, "आज रिसायकलिंग आहे." तू बिन उचलून रस्त्याच्या कडेला ठेवलंस आणि स्टेशनला गेलास. तासाभरानं स्टेशनवरून फोन आला, तू प्लॅटफॉर्मवर कोसळला होतास. अकरा वर्षांच्या संसारात मी तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य कचऱ्याबद्दल आहे, आणि हे मला आता कुठेही बदलून मिळणार नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे रविवारीही होतं. पाच वर्षं होतं. म्हणूनच दार आपटलं.

आपण दत्तक घेतलेली तारा घरी आली तेव्हा दोन वर्षांची होती. त्याआधी आपल्याला जे ट्रेनिंग झालं, त्यात सोशल वर्करनं एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. पहिले काही महिने तिला भरवायचं, न्हाऊ घालायचं, उचलायचं, पडली तर जवळ घ्यायचं, ते फक्त तुम्ही दोघांनी. बाकीच्यांनी लांबून हसायचं. आपली माणसं कोण, हे आधी तिला कळू दे. तुझ्या आईला हे फोनवर समजावताना तुला घाम फुटला होता. "म्हणजे माझ्याच नातीला मी मांडीवर घ्यायचं नाही?" काकू विचारत होत्या. बारसं नाही, पेढे नाहीत. वेम्बलीहून डबे घेऊन आलेल्या मित्रांचे डबे आपण दारात ठेवून घेतले आणि त्यांना तसंच परत पाठवलं. त्यातले काही अजून रुसलेले आहेत.

तू वर्षभराची रजा घेतलीस, मला दोन आठवडे मिळाले. मी पडलो ऑडिटमधला माणूस. एजन्सीची सगळी पत्रकं मी छापून घेतली होती आणि पिवळ्या पेननं रेघा मारल्या होत्या. एका पत्रकात लिहिलं होतं, की मुख्य सांभाळणाऱ्याशी मुलाचं नातं आधी घट्ट होऊ द्यावं. ती बाई समोर बसून 'तुम्ही दोघं' म्हणत होती, पण मी ते एक वाक्य धरून बसलो. मुख्य तू. मी बाटल्या धुवायचो, छोटे छोटे कपडे वाळत घालायचो, किती खाल्लं आणि किती झोपली याचा तक्ता भरायचो. फ्रिजवर लावलेला तो तक्ता बघून तू मला हसायचास.

आणि तारा रडत नव्हती. पहिले तीन आठवडे, काहीही लागलं, काहीही झालं तरी नाही. पडायची, उठायची, जागच्या जागी उभी राहायची आणि भिंतीकडे बघायची. आपण एकमेकांना म्हणालो, किती गुणी पोर आहे. सोशल वर्कर म्हणाली, हा गुण नाही, रडलं की कोणी येतं हे तिला माहीतच नाहीये. त्या दिवशी तू बाथरूममध्ये नळ सोडून रडलास आणि बाहेर येऊन डोळ्यांत साबण गेला म्हणालास.

त्यानंतर आला तो टॉवेलचा दिवस. तो तू इतक्या वेळा सांगितलास, की मला तुझ्याच शब्दांत पाठ झालाय. "मी शॉवरमध्ये होतो. विनयची हाक आली. मी टॉवेल गुंडाळून धावलो, तर ही हॉलच्या मधोमध, दोन्ही हात वर करून रडतेय! पहिल्यांदा! मी उचलली, तर गळ्याला अशी काही मिठी मारली, की टॉवेल सुटला." इथे सगळे हसायचे. दर वर्षी ताराच्या घरी येण्याच्या दिवशी तू शिरा करायचास आणि ही गोष्ट सांगायचास. तारा स्वतः हॉलच्या मधोमध उभी राहून हात वर करून दाखवायची, व्हिडिओवर काकू पदरानं डोळे टिपायच्या. सोशल वर्करनंही रिपोर्टमध्ये लिहिलं, की मुलीनं रडून पहिल्यांदा हात पुढे केले ते मंदारकडे.

ते खोटं आहे. तू खोटं बोलत होतास असं नाही, तू जे पाहिलंस तेच सांगत होतास. मी खोटा आहे.

तिचं कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं तेव्हा हॉलमध्ये मीच होतो. ती उभी राहिली, भिंतीकडे वळली, आणि मग कोण जाणे काय झालं, ती फिरली. तिनं माझ्याकडे बघितलं. ओठ थरथरला, तोंड उघडलं आणि तिनं दोन्ही हात वर केले, माझ्याकडे. मी एवढ्याशा अंतरावर होतो, नुसता वाकलो असतो तरी पुरे होतं. मी हात पाठीमागे घेतले. खरंच घेतले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं. आणि ओरडलो, "मंदार! लवकर ये!"

तू येईपर्यंत ती तशीच उभी होती, हात वर करून. मला सांग, शॉवर बंद करून टॉवेल शोधायला माणसाला किती वेळ लागतो? तेवढा वेळ दोन वर्षांची पोर माझ्याकडे हात करून उभी होती आणि मी नियम पाळत होतो. तू उचललंस तेव्हा ती तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. त्यानंतर तिनं माझ्याकडे हात केले नाहीत. माझ्याशी खेळली, हसली, माझ्याकडून गणितं शिकली, मला अप्पा म्हणाली. पण लागलं की बाबा. आणि मी पाच वर्षं तुला टोमणे मारत राहिलो, की तू तिला माझ्याकडे येऊ देत नाहीस.

पत्रकाचं नाव पुढे करणं सोपं आहे. मी घाबरलो होतो, मंदार. कशाला, ते तुला कधी सांगितलं नाही. मी नागपूरला जात नाही, एवढंच तुला माहीत होतं.

मी माझ्याबद्दल घरी सांगितलं तेव्हा दादाचा मुलगा चार महिन्यांचा होता. रात्री सगळे गप्प जेवले. सकाळी बाळ पाळण्यात रडायला लागलं, जवळपास कोणी नव्हतं, मी उचललं. वहिनी स्वयंपाकघरातून आली. तिनं बाळ माझ्या हातांतून काढून घेतलं आणि पदरानं पुसलं. जिथे जिथे माझे हात लागले होते तिथे, पाठ, डोकं, पाय. दादा नंतर गच्चीवर आला आणि म्हणाला, "त्याले नको उचलत जाऊस बे. आम्हाले काही नाही, पण लोकं बोलतेत." त्या दिवसापासून मी कोणाचं मूल उचललं नाही. माझे हात आपोआप मागे जायला शिकले. ताराच्या वेळेला मला वाटलं, मी हिला उचललं आणि ही रडायची थांबली नाही तर? माझ्या हातात खरंच काही वाईट असलं तर? हे सगळं तुला सांगितलं असतं तर तू मला जवळ घेतलं असतंस, आणि मला त्याचीच भीती वाटायची. तू जवळ घेतलंस की मला बोलता यायचं नाही.

तू गेल्याचं ताराला मी सांगितलं. शाळेतून आणलं, सोफ्यावर बसवलं आणि शाळेतल्या बाईंनी सुचवल्याप्रमाणे साध्या शब्दांत सांगितलं. 'झोपला', 'देवाघरी गेला' वगैरे काही नाही. ती म्हणाली, "मग बिन आत कोण आणणार?" आणि उठून गेली आणि ते तिच्याएवढं बिन ओढत आत घेऊन आली. रडली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी काकू आल्या तेव्हाही नाही. पुन्हा ती भिंतीकडे बघणारी मुलगी आपल्या घरात आली होती.

काकूंनी तिला मांडीवर घेतलं, वरणभात भरवला, वेणी घातली. एकट्या आल्या होत्या, पोटचा मुलगा गेलेला, पण बॅगेतून पहिल्यांदा निघाली ती ताराची शेवयांची पुडी. मी ते दारातून बघत होतो. आणि तुला खरं सांगू? मला हायसं वाटलं. कोणीतरी आलंय, आता मला करावं लागणार नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी काकूंनी मला समोर बसवलं. "विनय, मी स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. कागदोपत्री ती तुझीच आहे, त्यात मला शिरायचं नाही. पण ती तुझ्याकडे येत नाही हे मी आल्यापासून बघतेय. तूही तिला घेत नाहीस. मी तिला पुण्याला नेते. थोडे दिवस. तू सावर, मग बघू."

"तिची शाळा, काकू?"

"शाळा कुठे पळून जातेय?"

मी ताराला विचारलं, "आजीबरोबर पुण्याला जायचं?" तिनं खांदे उडवले. "ओके. तू पण येणार?" मी म्हणालो, मला ऑफिस आहे. ती म्हणाली, "ओके." दोन्ही ओके एकाच सुरात. काकूंना मी सांगितलं, दहावा होऊ द्या, मग सांगतो. मी हो म्हणणार होतो, मंदार. विमानाच्या वेळासुद्धा बघून ठेवल्या होत्या.

भटजी वेम्बलीहून आले, धोतरावर पफर जॅकेट घालून. मी विचारलं, अजून दहन नाही तर दहावा कसा? ते म्हणाले, "इथे दहनाचा पत्ता नसतो हो. कोणी गेल्यापासून धरतं, कोणी जाळल्यापासून. आपण ॲडजस्ट करतो." काकू म्हणाल्या, "गेला तेव्हापासूनच." तेव्हा काल सकाळी आम्ही चौघं नदीवर गेलो, बोल्टर्स लॉक या बोटींच्या बंधाऱ्याच्या पुढे, जिथे तू ताराला सायकल शिकवलीस. मार्च महिना, बोटं बधिर करणारा वारा. समोर कौन्सिलची पाटी, पक्ष्यांना खायला घालू नये. भटजींनी पाटीकडे पाठ केली आणि तयारीला लागले.

संकल्पाच्या वेळी ते थांबले. "आपलं त्यांच्याशी नातं?" या देशात कुठल्याही फॉर्मवर मी बिनधास्त लिहितो, पण तिथे दर्भ हातात धरून, तुझ्या आईसमोर, मला शब्द सापडेना. काकू नदीकडे बघत म्हणाल्या, "घरचाच आहे तो. सांगा पुढे."

पिंड ठेवले आणि आम्ही मागे सरलो. आता कावळा शिवायची वाट. तुला आठवतं, तू या प्रथेची चेष्टा करायचास: गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते अंदाजानं ओळखायचं, एकेकानं पुढे होऊन शब्द द्यायचा, आणि शब्द बरोबर असला तर कावळा शिवणार. "म्हणजे मेल्यावरही मल्टिपल चॉइस," असं म्हणायचास. इथे तर आधी कावळाच हवा होता. हंस होते, गुबगुबीत कॅनडा गीझ होते, एक खार येऊन भाताचा वास घेऊन गेली. मग विलोच्या झाडावर एक आला आणि बसून राहिला. भटजी घड्याळाकडे बघून म्हणाले, "बोला कोणीतरी. पार्किंग साडेबारापर्यंतच आहे."

काकू पुढे झाल्या. "मंदार, तुझ्या बाबांनी तुला घरात घेतलं नाही, ते चुकलं. मी गप्प बसले, ते जास्त चुकलं. त्यांच्या शेजारी तुझा फोटो लावीन." एवढं बोलायला त्यांना किती वर्षं लागली असतील. कावळा हलला नाही. त्यांनी नाक पुसलं आणि हात जोडले. "ताराची काळजी करू नकोस. तिला मी नेते. पुण्याला, माझ्याजवळ ठेवते."

कावळा फांदीवरून उडाला आणि रेलिंगवर येऊन बसला. मग गवतावर. मग दोन उड्या पिंडाकडे. भटजींनी बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं.

मी देव मानत नाही, तुला माहितीये, भाताला चोच लागली म्हणून कशावर विश्वास ठेवणारा मी नाही. पण मी मनातल्या मनात त्या पक्ष्याला विनवत होतो: शिवू नकोस, शिवू नकोस, शिवू नकोस. मी स्वतः हो म्हणणार होतो! तोच शब्द तुझ्या आईनं दिला, कावळा अजून एक उडी पुढे आला, आणि मला कळलं की तो शब्द खरा ठरला तर मी जगू शकणार नाही.

तेवढ्यात मागून एक लॅब्रडॉर धावत आला. कावळा उडाला. कुत्रा सरळ पत्रावळीकडे. त्याची मालकीण लांबून ओरडत होती, "बिस्किट! नो! ओ, आय अ‍ॅम सो सॉरी, इज इट अ पिकनिक?"

"नो पिकनिक," काकू म्हणाल्या. "माय सन."

ती बाई बिचारी जागच्या जागी थिजली. पण तारा पळत सुटली होती, दहा दिवसांत पहिल्यांदा. "नो! बॅड डॉग! दॅट्स बाबाज्! ते बाबाचं आहे!" कुत्रा दचकून बाजूला झाला, आणि खडीवरून तिचा पाय घसरला. दोन्ही गुडघ्यांवर आपटली. टाइट्स फाटल्या, रक्त आलं.

ती उठली. उभी राहिली. आणि रडली नाही. नदीकडे तोंड करून बघत राहिली, त्या भिंतीकडे बघायची तशी.

काकू हात पसरून निघाल्या, "ये गं बाळा, ये माझ्याकडे." मी तिच्यापासून दोन हातांवर. माझे हात कुठे होते ते मला दिसत नव्हतं, पण मनगट घट्ट धरलेलं मला कळत होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, त्या दिवशीसारखंच, सगळ्या नदीकाठाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "मंदार! लवकर ये!"

कोणी हललं नाही. काकूंचे हात तसेच हवेत राहिले. भटजींनी मान खाली घातली.

तारा वळली. तिनं माझ्याकडे बघितलं, जरा रागानंच, अप्पाला एवढंसुद्धा कळत नाही म्हणून. "अप्पा, बाबा नाही येणार. ही कान्ट. तू ये ना."

आणि तिनं हात वर केले. पूर्ण नाही, सात वर्षांची आहे ती, लाजली. कोपरापर्यंतच.

मी कसा पोचलो ते विचारू नकोस. खडीवर गुडघे टेकले आणि उचललं तिला. केवढी जड झालीय, तू रोज कशी उचलायचास? तिनं माझ्या मानेत तोंड घातलं आणि तिचा श्वास आत आत गेला, मला वाटलं अडकतो की काय, आणि मग ती रडली. मंदार, ती अशी रडली, की गीझ पाण्यात उतरले. "आय वॉन्ट बाबा, मला बाबा पायजे," एवढंच, पुन्हा पुन्हा. मी म्हणालो, मलाही पायजे. दुसरं काहीच सुचलं नाही. ती माझ्या हातात असून तुला हाका मारत होती, आणि मला तुझा राग आला नाही. तिला कोणी माझ्याकडून काढून घेतलं नाही. कोणी पुसलं नाही. तिचं नाक मात्र माझ्या कॉलरला पुसलं गेलं.

आम्ही मागे वळलो तोवर पत्रावळीतला एक पिंड फुटलेला होता. "शिवला, शिवला," म्हणत भटजी सामान गोळा करायला लागले. कोणी शिवला, ते कोणीच पाहिलं नव्हतं. कावळा असेल, खार असेल, बिस्किटही असेल. मी काकूंना विचारलं, "तुमच्या शब्दावर शिवला का?" त्या माझ्याकडे आणि माझ्या खांद्यावर निजत चाललेल्या ताराकडे बघत राहिल्या. घरी आल्यावर चहाचे कप विसळताना म्हणाल्या, "तिकीट माझं एकटीचं बघ. मेपर्यंतचं. तोवर राहते, तुला चालणार असेल तर." मग थोड्या वेळानं, "आणि काकू काय रे अकरा वर्षं? आई म्हणता येत नाही?" मी म्हणालो, बघतो. लगेच जमेल असं नाही.

एक प्रश्न माझाही राहिलाय, त्याचं उत्तर आता मिळायचं नाही. त्या दिवशी शॉवर तू कधी बंद केलास? माझी हाक आल्यावर, की आधीच? तू दारात उभा होतास का? बघितलं होतंस का? कारण टॉवेलच्या गोष्टीतून तू बाकी काहीही गाळायचास, पण "विनयची हाक आली" हे एवढं कधी गाळलं नाहीस. दर वर्षी तिथूनच सुरुवात करायचास आणि माझ्याकडे बघायचास. मला वाटायचं, माझं मन राखायला बघतोस. आता वाटतं, तू मला वाट करून देत होतास, पुढचं मी सांगावं म्हणून. पाच वर्षं वाट बघितलीस आणि शेवटी रविवारी सरळ विचारलंस. तेव्हा मी दार आपटलं.

पुढच्या महिन्यात ताराचा घरी येण्याचा दिवस आहे. शिरा मला करावा लागेल, गुठळ्या होतील. गोष्टही मलाच सांगावी लागेल, आणि मी सगळी सांगणार आहे, हॉल, टेबल, माझे हात, सगळं. ती चिडेल. चिडू दे. गुरुवारी तिला घेऊन येतोय तुझ्याकडे. तिला मी कडेवर घेऊनच आत येणार आहे, सात वर्षांची असली तरी, आणि क्रेमेटोरियममधल्या ज्याला हसायचं असेल त्यानं हसावं.

तू विचारलं होतंस, ती पडते तेव्हा माझे हात कुठे असतात. पाठीमागे असायचे, मंदार. काल तिच्या पाठीवर होते.